समाधीवरचा बेल

आमच्या घरात काही बिघडलं की कुणी मिस्त्रीला बोलवत नाही, मला हाक मारतं. सगळा जन्म एसटीच्या वर्कशॉपात पाने फिरवण्यात गेला आणि रिटायर झाल्यावरही हाताची खाज काही जात नाही. लोहाऱ्याच्या बाहेर, आमच्या शेतातच घर आहे. काळ्या मातीवरचं घर म्हणजे जन्माची कटकट. पावसाळ्यात माती फुगते आणि दारं चौकटीत अडकतात, उन्हाळ्यात तीच माती फाटते आणि भिंतीला चिरा जातात. दाराच्या कडेला मेणबत्ती घासायची, गळत्या पाइपाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची, मोटर पाणी उचलत नसली की फूटवॉल्व काढून त्यातला कचरा झाडायचा. पेरूवर पोपट आले तर फांद्यांना गाण्यांच्या जुन्या सीड्या टांगायच्या. बायको म्हणते, ह्या माणसाला नीट चालणारी वस्तू दिसली की ताप येतो. म्हणू द्या. तिचा मिक्सर चौदा वेळा मीच जोडलाय.

पण मी सांगणार आहे ते एका झाडाबद्दल, जे मला जगवता आलं नाही. आणि एका वाक्याबद्दल, जे मीच बोललो होतो.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेवटी शेवटी बीपी होतं आणि किडन्याही थकल्या होत्या. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं. अव्वानं, माझ्या आईनं, ते असं पाळलं की डॉक्टरही लाजला असता. मिठाची बरणी तिनं फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवली, अप्पांचा हात पोचू नये म्हणून. अप्पा मूळचे तिखटमिठाचे माणूस. आळणी भाजी पुढं आली की ताटाकडं बघायचे आणि म्हणायचे, "ह्ये जेवण हाय व्हय? ह्याच्यापरीस म्हशीची पेंड बरी." अव्वा ढिम्म हलायची नाही. "खावा गुमान," एवढंच म्हणायची.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी लई गयावया केली. तोवर मी त्यांना कुणापुढं गयावया करताना बघितलं नव्हतं. "चिमूटभर दे गं," म्हणाले, "वरणावर नुसतं भुरकव." अव्वानं दिलं नाही. त्यांनी ताट सारलं, भिंतीकडं तोंड केलं आणि संध्याकाळी गेले.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. शेताच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन, बसवून पुरतात. खड्ड्यात भोवतीनं मीठ टाकतात, भस्म टाकतात, बेलाची पानं टाकतात. अप्पांना दोन पोती मीठ लागलं. वरची माती लोटायची वेळ आली तेव्हा माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. म्हटलं, कुत्री, कोल्ही उकरतील, वरच्या मातीतही मीठ मिसळून टाकू, म्हणजे वास लागणार नाही. गाडी पाठवून तिसरं पोतं आणलं आणि फावड्यानं स्वतः कालवलं. चुलते म्हणाले, "पोराला अक्कल हाय." मला बरं वाटलं. बापाच्या मातीवर उभं राहून मला बरं वाटलं, ह्याची लाज आज वाटते.

तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. अव्वा फडताळासमोर बसली होती, वरची बरणी खाली काढून पुढ्यात ठेवलेली. मला काय झालं कोण जाणे, तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. मी म्हणालो, "चिमूटभर दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

बरणी उचलून तिनं खालच्या फळीवर ठेवली.

अप्पा रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायचे. बेलाची तीन पानं लागायची, त्यासाठी देवळापर्यंत चालत जायचे. दारात एक बेल असावा असं जन्मभर म्हणत राहिले आणि लावायचा राहून गेला. म्हणून अव्वानं ठरवलं, त्यांच्या समाधीवर बेल लावायचा. जळकोटच्या रस्त्यावर एक रोपवाटिका आहे, तिथनं मी कमरेएवढं रोप आणलं. अव्वानं स्वतःच्या हातानं माती दाबली. रोज सकाळी अंघोळ झाली की तांब्या घेऊन जायची. झाड परसातल्या भाजीच्या वाफ्यांपलीकडं, शंभरेक पावलांवर. गुडघे दुखायचे तिचे, तरी मला तांब्याला हात लावू द्यायची नाही.

महिना झाला नाही तोवर पानांचे शेंडे करपले. शेंड्याकडनं करप कडेनं आत सरकत गेली, आणि एक दिवस नुसती काटेरी काडी राहिली.

"पाणी जास्त झालं तुझं," मी म्हणालो.

दुसरं रोप आणलं. ह्या वेळी उधई, म्हणजे वाळवी, लागली समजून मुळाशी निंबोळी पेंड घातली, उन्हाला आडोसा म्हणून ज्वारीच्या कडब्याची पेंढी उभी केली. तेही तसंच करपलं. तिसऱ्याला मी जीव ओतला. मडक्याला बुडाशी भोक पाडून सुती वात बसवली, म्हणजे थेंबथेंब पाणी मुळाला मिळावं. ह्याच मडक्यावर माझी वांगी मे महिन्यात तरतात, बेल का नाही? नाहीच तरला. वीस दिवसांत गेला.

त्या दिवशी अव्वा तांब्या तसाच भरलेला घेऊन परत आली. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "त्येंला माज्या हातचं पाणी नगं हाय."

"काहीतरीच बोलू नको, अव्वा."

"काहीतरी न्हाय. मनात धरलंय त्येंनी. जाताना माज्याकडं पाट करून गेले. तूच म्हणालास की, चिमूटभर दिलं असतंस तर."

मला माझंच वाक्य आठवावं लागलं. तिला मात्र ते पाठ होतं. म्हटलं, आता काही करून बेल जगवायचा. झाड जगलं की हिचा संशय फिटेल. वर्कशॉपात गाडी चालू झाली की ड्रायव्हरची तक्रार आपोआप संपते, माझं डोकं तेवढंच चालतं. 'मी चुकीचं बोललो' हे तीन शब्द तिथल्या तिथं बोलता आले असते. त्याऐवजी मी चौथ्या रोपाची चौकशी करायला गेलो. गाढवपणा, दुसरं काय!

पाऊस सरल्यावरची गोष्ट. अंगणातल्या शहाबादी फरशीच्या फटींत हराळी माजली होती. ती उपटून जात नाही. खुरप्यानं काढली की दुप्पट येते. त्यावर माझा जालीम उपाय आहे. पातेलंभर पाणी उकळायचं, त्यात ओंजळभर मीठ टाकायचं आणि फटीत ओतत जायचं. मी ओतत होतो. अव्वा ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती.

"काय वततूस रं?"

"मिठाचं पाणी," मी ऐटीत म्हणालो, "मुळासकट जळतंय. पुन्हा वरीसभर तितं काडी उगवत न्हाय."

तिचा सुपातला हात थांबला. ती हळूच म्हणाली, "आन् त्येंच्यापाशी आपण किती टाकलंय?"

मी पातेलं तिथंच ठेवलं. चप्पल न घालता समाधीपाशी गेलो. मातीवर पांढरी साय धरली होती. इतके महिने मी ती भस्माची समजत होतो. बोटानं उचलून जिभेला लावली. खारट. तीन पोत्यांचं खारट, त्यातलं वरचं पोतं माझ्या अकलेचं. दरसाल फरशीतलं गवत मिठानं मारणारा माणूस मी, आणि तिसरं पोतं कालवून त्याच मातीत झाड लावत होतो. समाधीतलं मीठ हे मीठच असतं, असं मला एकदाही वाटलं नाही. देवाधर्माचं म्हटलं की आमची बुद्धी चप्पल बाहेर काढून आत जाते.

परत आलो आणि तिच्यापुढं खालीच बसलो. "अव्वा, अप्पांचा राग न्हाय ह्यो. मीठ हाय. मीच टाकलंय."

"रागावले न्हाईत?"

"न्हाईत गं."

तिचा चेहरा सैल झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मला वाटलं, जमलं. लागलीच माझं तोंड सुटलं. वरची हातभर माती काढून टाकू, नवी माती भरू, चार पाणी देऊन धुऊन काढू, चौथं रोप आणू, बघच तू.

"न्हाय," अव्वा म्हणाली.

"का?"

"त्येंचं मीठ हाय ते. जित्तेपणी चिमूट मागितली तर म्या दिली न्हाय. आता गावलंय तर काढून घिऊ नगंस."

सूप घेऊन ती आत गेली. त्या दिवसापासून तिनं मीठ सोडलं. बायको म्हणाली, "अवं, तुम्ही तरी सांगा त्यांना." सांगून बघितलं. चिडलो, ताटावरनं उठलो, एकदा तर आमटीत गुपचूप मीठ टाकलं. एका घोटातच तिनं वाटी बाजूला सारली. आमच्या घरात पुन्हा एक माणूस आळणी खात होतं, आणि ह्या वेळी कुणी मनाई केलेली नव्हती.

मग एकदा परसात वांगी तोडताना ती म्हणाली, "माज्या येळंला मीठ टाकू नगंस. त्येंच्या शेजारीच जागा हाय. बेल माज्यावर लाव. त्येंला पानं पडतील."

"असलं बोलायचं न्हाय."

"तू व्हय म्हण."

व्हय म्हणालो. ती वांगी तोडत राहिली.

यंदा चैत्रात अव्वा गेली. भावकी जमली, खड्डा झाला, रीतीप्रमाणं टेम्पोतनं दोन पोती मीठ आलं. मी पोत्यांपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, मीठ नको. आधी कुणाला समजेना. मग विधी करणारे स्वामी बोलले, भावकी बोलली, मागनं कुणीतरी म्हणालं, बापाला तीन पोती आणि आईला वाटाण्याच्या अक्षता. तिची इच्छा होती म्हणालो. तशी इच्छा कुणाची असते व्हय, म्हणाले. मी पोती टेम्पोतच ठेवायला लावली. अव्वाला नुसतं भस्म आणि बेलाची पानं मिळाली.

सगळं उरकल्यावर थोरले चुलते माझ्याजवळ आले. म्हातारा माणूस, डोळे रडून लाल झालेले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चिमूटभर टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं रं?"

उत्तर होतं माझ्याकडं. सगळं व्यवस्थित, कारणासकट होतं. पण तोंड उघडेना. जे बरोबर होतं तेच करून, जिवाभावाच्या माणसाला मीठ नाकारून, त्यावर हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. अव्वा त्या दिवशी काही बोलली नव्हती.

बेल लावलाय. जगलाय. नवी पालवी आहे, शेंडे हिरवे आहेत, एकही करप नाही. पाइप न नेता मी तांब्यानंच पाणी घालतो. सकाळी तीन पानं तोडतो आणि शेजारी अप्पांच्या पांढऱ्या मातीवर ठेवतो. मिठाची चूक मी अव्वापुढं कबूल केली होती. ते वाक्य मात्र मागं घेतलं नाही. घेईन म्हणता म्हणता राहिलं. आता रोज तांब्या रिकामा झाल्यावर म्हणतो, "अव्वा, मी चुकीचं बोललो," आणि पाणी मातीत जिरेपर्यंत तिथंच उभा राहतो.