भक्कम बाक

सकाळी चहाबरोबर आमच्याकडे अमेरिकेतली बास्केटबॉलची मॅच लागते. माझा नवरा सुधीर तिथल्या एका संघावर जीव टाकतो. "आपला राखीव खेळाडूंचा बाक भक्कम आहे," हे त्याचं कायमचं पालुपद. परवा माझ्या ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हाही हेच म्हणाला, "घराची काळजी करू नकोस. आम्ही आहोत ना, बाक भक्कम आहे."

आज त्याच्या संघाचा मुख्य खेळाडू गुडघा धरून खाली बसला. बाकावरच्या एकाने मांडीवरचा टॉवेल बाजूला ठेवला, जाकीट काढलं आणि नीट बांधलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. राखीव माणसांवर भरवसा ठेवणं किती सोपं असतं, ती बसून असतात तोवर.

कुकरची शिट्टी झाली, म्हणून मी उठायला गेले. मॅच अटीतटीची असली की आमच्याकडे कोणी जागा सोडायची नसते, सोडली की संघ हरतो, असं सुधीरचं ठाम मत. "आई, मी बघते," म्हणत लेक आत गेली आणि तिथून तिने विचारलं, "गॅस बारीक करू की बंद?"

बाकावरचा खेळाडू आत उतरला. सुधीरने तिकडे पाहिलंच नाही. माझा हात घट्ट धरून म्हणाला, "तू जागेवरून हलू नकोस."