सात पाचे पस्तीसच्या पुढे

लेकीला सहावं वर्ष लागलं, शाळेत नाव घालायची वेळ आली आणि सासूबाई दारात आडव्या बसल्या. म्हणाल्या, "माही नात शाळेत जाणार नाई. शिकवाचं असंन तं घरी शिकव."

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. माझा नवरा जंगल खात्यात नाकेदार. आम्ही नाक्याच्या गावात, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. शाळा नाल्यापलीकडे. एक खोली, एक गुरुजी, आणि गुरुजींचा अर्धा महिना जिल्ह्याच्या गावी मीटिंगमध्ये जायचा. तरी शाळा ती शाळा. मी मूल गावची, मॅट्रिक झालेली. आमच्या समाजात पोरीला शाळेत न घालणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. सासूबाईंनी स्वतः छप्पन साली चांद्याला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि त्यांच्याच घरात हे चाललेलं, याचा मला संताप आला. नवरा म्हणाला, "वर्षभर आईचं मन राहू दे. तू मॅट्रिक हायेस ना, शिकव मंग." एवढं बोलून तो बीटवर निघून गेला. घरात कटकट झाली की त्याला जंगल फार प्रिय व्हायचं.

कारण मला ठाऊक होतं. नवऱ्याला एक थोरली बहीण होती. दुसरी-तिसरीत असताना हिवताप डोक्यात चढून गेली, आणि ताप भरला त्या दिवशी ती शाळेत गेली होती. तिला मातीला नेण्याआधी सासूबाईंनी तिच्या कानामागं काजळाचं बोट लावलं होतं. जुन्या बायका तसं करत. गेलेलं लेकरू पुन्हा घरात आलं तर ओळखू यावं म्हणून. माझी मुलगी जन्मली तेव्हा पहिल्या आंघोळीआधी त्यांनी तिचा कान दुमडून पाहिला. मागं काळसर डाग होता.

"आपण हे मानत नाई ना, आई?" मी खाटेवरूनच विचारलं.

"मानत नाई," त्या म्हणाल्या. "पाहून राह्यलो फक्त."

तर शाळा घरी सुरू झाली. टॉर्चचे जुने सेल फोडून त्यातली काळी भुकटी ओसरीच्या भिंतीला फासली, तो आमचा फळा. मोजायला चिंचोके. मूलच्या बाजारातून पाटी आणि पहिलीचं पुस्तक आणलं. स्वयंपाक आटोपला की मी पदर खोचून बाहेर येई, आणि मुलगी बजावे की आता आई नाही, बाई म्हणायचं. हजेरी घ्यायला लावायची. एकटीची हजेरी! नाव घेतलं की 'हजर' म्हणून अशी ओरडायची की कोंबड्या पळत. एकदा म्हणाली, "बाई, आता दुसऱ्या पोरीचं नाव घ्या."

"कोणती दुसरी?"

"असंच. एकटीले कसं तरी वाटते."

चटईवर ती अर्ध्यातच बसायची. उरलेलं अर्धं त्या दुसरीसाठी. मी हसण्यावारी नेलं.

दिवाळीपर्यंत बरं चाललं. मुळाक्षरं झाली, तीनपर्यंतचे पाढे झाले. मग एका दुपारी मी मागं विहिरीवर धुणं धूत होते. शेजारच्या खळ्यावरून नव्या तणसाचा वास येत होता. ओसरीकडून मुलीचा आवाज आला, पाच सक तीस. पाचचा मी शिकवलाच नव्हता. मी आपटायची थांबले. सहाचा पाढा झाला, सातचा सुरू झाला. चालही माझी नव्हती. दुसऱ्या शब्दावर लांब हेल, फार पूर्वीच्या शाळांत असायचा तसा. सात चोक अठ्ठावीस. सात पाचे पस्तीस. आणि गप्प. मी पुढच्याची वाट पाहत ओल्या हातांनी उभी राहिले, पण पुढचं आलं नाही.

मग ते रोजचंच झालं. पस्तीसला आवाज असा तुटायचा, जणू कुणी तोंडावर हात ठेवला. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणायची, "येते मले." मी भूतप्रेत न मानणारी बाई, पण खोटं कशाला सांगू, मला माझ्या पोटच्या पोरीची भीती वाटायला लागली. वेणी घालताना नजर कानामागं जाई आणि मी केसांनी तो डाग झाकून टाकी. चटईच्या त्या रिकाम्या अर्ध्यावर मी पाय टाकेनाशी झाले.

एकदा मी काटक्या आणायला गेले आणि वाटेतूनच परतले. ओसरीत सासूबाई धान पाखडत होत्या आणि सुपाच्या ठेक्यावर पाढा म्हणत होत्या. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तिच्या तोंडून सहाचा पाढा, कुठं अडखळणं नाही. मुलगी मागोमाग म्हणत होती. त्यांची ती गेलेली लेक शाळेतून आली की त्यांच्या कामाजवळ बसून पाठ म्हणायची, ते सगळं त्यांच्यात राहून गेलं होतं, हेलासकट. सात पाचे पस्तीसला सूप थांबलं.

"पुढं?" मी विचारलं.

त्या दचकल्या. "पुढचं नाई येत मले. तिथीच तिनं डोस्कं धरलं. म्हणे, माय, पुढचं उद्या म्हणतो."

माझी भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. मुलीला म्हटलं, "सात सक बेचाळीस. म्हण."

ती आजीला चिकटली. "नाई म्हणत. पुढं गेलं का मरते."

मग मी तोंड सोडलं. "तुमची लेक माह्या लेकीच्या तोंडात काऊन बसवून राह्यले? हे पोरगी भीतीनंच मरंन एखाद दिवशी!"

सासूबाई सुपाकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळीच तिचं आंग कोमट होतं. नको धाडू म्हणे, माय. मीच धाडली. दीक्षा घेतली होती ना, पोरगी शिकलीच पाहिजे, म्हणून धाडली." त्या रडल्या नाहीत.

मुलगी मात्र अडली ती अडलीच. सात-सात चिंचोक्यांचे ढीग मांडले की सहावा ढीग ती मुठीत लपवायची. आठचा पाढा नको म्हणायची. मग पुस्तकाचं पान उलटायलाही भ्यायला लागली. आधी विचारायची, पुढं काय हाये? शिकायचं म्हटलं की तिचा चेहरा उतरे. शाळा मी घरात आणली होती, आणि घरातलं मरण त्या शाळेत येऊन बसलं होतं. हिला आता शिकवू नये असंही मनात यायला लागलं.

एका सकाळी सासूबाई आंघोळ करून, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून ओसरीत आल्या आणि फळ्यासमोर बसल्या. मला म्हणाल्या, "बाई, मले शिकव. पुढचं आधी मी म्हणतो. काई व्हाचं असंन तं मले होऊ दे."

"काही होत नाई, आई."

"होऊ दे म्हणलं ना."

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि सात सक बेचाळीस म्हटलं, मग एकेक करत सत्तरपर्यंत गेल्या. मुलगी खांबाला धरून आजीकडे टक लावून उभी होती. तीही तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "आज नाई. पाहू दे आधी."

त्यांनी नेहमीसारखा भात शिजवला, जेवल्या, भांडी घासली. मुलगी दिवसभर त्यांच्या मागं मागं. सासूबाई दुपारी लवंडल्या की मी कामाचं निमित्त काढून आत जाई आणि त्यांची छाती हलते का ते बघून येई. मॅट्रिक झालेली मी! त्यांची लेक तेव्हा अंथरुणाला खिळून जितके दिवस राहिली होती, तितके दिवस सासूबाईंनी जाऊ दिले.

मग चुलीपाशी चहा पिताना त्यांनी नातीला जवळ बोलावलं आणि कपाळ पुढं केलं.

"हात लाव. थंडं हाये?"

"थंडं हाये."

"मंग म्हण आता."

आजीच्या कपाळावरचा हात तसाच ठेवून माझी लेक म्हणाली, "सात सक बेचाळीस."