बकऱ्याचा आवाज

अन्याय झाला तो एका मादी बिबट्यावर, दिवाळीच्या पाडव्याला, दिवस उजाडता उजाडता. दिल्लीच्या हद्दीत, फरीदाबादकडच्या टेकड्यांना लागून असलेल्या एका फार्महाउसच्या कुंपणाशी, दातेरी लोखंडी सापळ्यात तिचा पुढचा पंजा अडकला. इतकी वर्षं झाली, तिचं ते गुरगुरणं अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

वनखात्याने तिला बेशुद्ध करून उपचाराला नेलं. आमच्या ठाण्यात गुन्हा नोंदवला आणि माळ्याने ताबडतोब कबुली दिली. "मीच लावला, साहेब. डुकरं भाजी खातात." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच वाक्य, जसंच्या तसं. पाठ केलेली कबुली पोलिसाला लगेच कळते. फार्महाउसचा मालक समोर बसून हसत होता.

"इन्स्पेक्टर साहब, आमचं घर शुद्ध शाकाहारी. गोळी झाडली नाही, जनावर जिंदा आहे. मग शिकार झाली कुठे?"

माझं डोकं फिरलं. गरीब माळी आत जाणार आणि हा नवा सापळा आणणार!

खबर मिळाली ती मात्र हसतखेळत. बकरे विकणारा एक जण ठाण्यासमोरच्या टपरीवर आमच्या हवालदाराला गंमत सांगत होता. "दिवाळीच्या आधी त्या फार्महाउसचा शेठ आला होता. दात बघेना, वजन बघेना. एकेकाचा कान पिळला आणि सगळ्यात जोरात ओरडला तो उचलला. मी म्हटलं, शेठ, याला खाओगे की इससे गाना गवाओगे?"

हवालदाराने त्याला थेट माझ्यापुढे आणून बसवलं. डुकरासाठी बकरा कोण बांधतं? ओरडणारा बकरा बिबट्यासाठीच!

झडती घेतली. कोठाराचं दार उघडताच बकऱ्याने स्वतःच हजेरी दिली. मॅजिस्ट्रेटसमोरच्या ओळख परेडमध्ये विक्रेत्याने मालकाकडेच बोट दाखवलं. हे कळल्यावर माळी रडायला लागला. "माझं नाव घेतलंस तर खोली खाली कर, असं शेठनी बजावलं होतं, साहेब."

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, तो बकरा तेवढा घरी आणू नका!"

मालक अजूनही तेच म्हणत होता, शिकार झालीच नाही. मी कायद्याचं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "वाचा. सापळा लावणं, आमिष ठेवणं, नुसता प्रयत्न करणं. कायद्यात ही शिकारच आहे." त्या दिवशी प्रथमच त्याचं हसू मावळलं. पुढे त्याला शिक्षा झाली, अपिलातही टिकली. माळी साक्षीदार होऊन ताठ मानेने बाहेर पडला.

आणि ती? टेकडीत परत सोडली. पुढच्या हिवाळ्यात वनरक्षकाने मला ओल्या मातीतले ठसे दाखवले. तीन पंजे पूर्ण, एक अर्धा. शेजारी चिमुकले ठसे, पिल्लांचे. मी भर रानात टाळ्या वाजवल्या.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. कायदा जनावर मरायची वाट बघत नाही. वाट आपण बघतो. म्हणून तुम्हाला सांगतो, कुंपणाला तारेचा फास दिसला, सापळा दिसला, तर 'डुकरासाठी असेल' म्हणत पुढे जाऊ नका. ठाण्यात जा. तक्रार लिहून द्या आणि नोंदवून घेईपर्यंत खुर्चीवरून उठू नका!