हिरव्या दोरीखालची वात

सोमवारचा उपास. दुपारचं ऊन ओसरीवर कललंय आणि कुंदा वाती वळत बसली आहे. मांडीशी कापसाची परडी, शेजारी जुईलीच्या गळाच्या काठीचं नवं रीळ. लेक मघाशीच वैतागून ते टाकून आत गेली. "विणलेली दोरी भरली, तर ओढल्यावर सगळी रिळाभोवती गरागरा घसरते. बाबा असते तर सांगितलं असतं."

उद्या जुईलीला जिताडा मासा धरायला खाडीवर जायचंय, बाबांची काठी घेऊन. तीन वर्षांपूर्वी त्याच काठावर, गळ पाण्यात असतानाच, कुंदाच्या नवऱ्याचं, हरेश्वरचं काळीज थांबलं. तेव्हापासून काठ्यांच्या कपाटाची किल्ली कुंदाच्या कमरेला आहे. लेकीला ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

बोटांतली वात सैल होते. डोळे जडावतात.

"कुंदे, सरक जरा."

हरेश्वर पायरीवर टेकतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलाने माखलेले.

"अहो, पाय धुऊन या."

"धुतले तर परत जावं लागेल."

ओसरी आता दुकान आहे. भिंतीभर काठ्या उभ्या आहेत आणि गल्ल्यावर तिच्या देवघरातलं निरांजन तेवतंय. हरेश्वर एकेक काठी उचलतो, टोक हलवून बघतो, परत ठेवतो.

"किती वेळ लावताय."

"एका साडीला तू सगळा बाजार पालथा घालायचीस, तेव्हा मी बोललो का काही?" मधली काठी तो तिच्या हातात देतो. "फार ताठ काठी जिताड्याचं तोंड फाडून गळ सोडवते. फार लवचीक असली, तर तोच तिला वाकवून खांबांत शिरतो. ही वाकते, पण ऐकते. जुईलीला ही दे."

"मी तिला पाठवणार नाही."

दुकानात गुडघाभर पाणी आहे. भिंतीवरच्या काठ्या खाडीतले खांब झाल्या आहेत. हरेश्वर नव्या रिळावरची हिरवी दोरी सोडवू लागतो.

"पोरीने थेट भरलीय. गुळगुळीत धातूला ही धरत नाही. खाली थोडा तंगूस, साधा नायलॉनचा दोरा लागतो. आहे?"

"माझ्याकडे कुठला?"

"मग तुझी एक वात दे."

ती परडी पुढे करते. तो ओल्या बोटांनीच वात रिळाला गुंडाळतो आणि वर दोरी चढवतो. "मी खाडीवरून परत येईस्तोवर तू दिवा विझू द्यायची नाहीस. पाण्याचा घोट घ्यायची नाहीस. अजून लावतेस दिवा?"

"रोज."

"आता कोणाची वाट बघतो तो?"

कुंदा निरांजनाकडे बघते. पाणी हरेश्वरच्या छातीपर्यंत आलंय.

"लेकीला जाऊ दे. आणि या खेपेला पाणी पीत जा मधूनमधून."

स्वयंपाकघरात भांडं पडतं. ऊन पायरीवरून उतरलंय. कुंदा दचकून रीळ उचलते, दोरी बोटाला वेढते आणि ओढते. आधी भीत भीत, मग जोर लावून. दोरी बोटात रुतते. घसरत नाही.

"जुईले," ती कमरेची किल्ली काढते. "कपाटातली मधली काठी घे उद्या. दिवेलागणीच्या आत..." ती थांबते. "उशीर झाला तरी असू दे. दिवा लावलेला असेल."

आतून पावलं धावत येतात. हिरव्या दोरीखालून, रिळाच्या कडेला, कापसाचं पांढरं टोक डोकावतंय. कुंदा त्याला बोट लावते. ओलं आहे. ते बोट नकळत ओठांशी जातं.

खारट.