बंद दारापुढचा नारळ

मे महिन्याची बावीस तारीख. घर शाकारायला काढलं होतं.

पावसाआधी हे काम टळत नाही. छपरावरची कौलं उतरवायची, वर्षभराचा पाला आणि वाळवीची माती झाडायची, कौलांखालची कुजलेली रीप बदलायची, फुटकं कौल बाजूला टाकायचं आणि पुन्हा सगळं रचायचं. मी शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवते. शाळेला सुट्टी मेमध्ये, म्हणून शाकारणीही मेमध्ये. नवरा जहाजावर खलाशी. तो या दिवसांत कधीच घरी नसतो.

स्वयंपाकघराच्या बाजूची कौलं उतरवून झाली होती. आमच्या वाडीतला गणू वर आढ्याजवळ बसून कौलं देत होता. मी शिडीवर मध्यावर उभी राहून घेत होते.

"खाली उतर."

आवाज वरून आला. आमचं घर उतारावर आहे. मागच्या दरडीवरून आंब्याच्या बागेकडे पायऱ्यांची पाखाडी जाते, ती आमच्या छपराच्या उंचीला येते. तिथे बापू उभे होते. बापू म्हणजे खोतांचे नातू. खोती कायद्याने कधीच गेली, पण गाव अजून त्यांना खोतच म्हणतं. पुण्याला राहतात. माझ्याहून वयाने लहान आहेत. त्यांच्यासोबत काळे चष्मे लावलेली दोन माणसं होती.

"कोणाला विचारून कौलं काढलीस?"

हे गणूला. गणूच्या हातातलं कौल हातातच राहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "बापू, दरवर्षीच काढतो. पाऊस येईल आता."

"तुला नाही विचारलं."

मग ते त्या दोघांकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ही आमची माणसं. आजोबांनी ठेवलेली."

छप्पर उघडं होतं. पाखाडीवरून घर आतपर्यंत दिसत होतं. चूल, भांडी, दोरीवरचे आतले कपडे. सासू जमिनीवर बसून केस विंचरत होती. उकाडा, म्हणून डोक्यावर पदर नव्हता, चोळीची गाठ सैल केलेली. तिनं वर पाहिलं तर आभाळाच्या जागी तीन पुरुष. तिला पटकन उठता येत नाही, गुडघे धरलेत. ती बसल्या बसल्या हातावर सरकत, जिथं कौलं शिल्लक होती तिथं जाऊन भिंतीला चिकटली. गणू घरच्यासारखा, पण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बाहेरच्या कुठल्या पुरुषानं तिचं डोकं उघडं पाहिलेलं नव्हतं.

एकानं फोन काढून फोटो घेतला. "व्ह्यू मस्त आहे," म्हणाला. समुद्राचा घेतला असेल. मध्ये आमचं घर येत होतं.

मला राग आला नाही. खोटं कशाला सांगू. काहीच आलं नाही. हातातल्या कौलाचा कान तुटलेला दिसला. ते मी फुटक्या कौलांत ठेवलं.

गणू खाली उतरला. पायात चप्पल घातली आणि गेला. मजुरीही मागितली नाही.

आता इथं थोडं सांगितलं पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. माझी नणंद घाटावर दिलीय, कराडकडे. तिकडे घर ज्याचं, त्याखालची जमीन त्याची. तिच्या सासरच्यांना आमचा प्रकार मी कितीदा सांगितला असेल. जमीन खोताची. तिच्यावर घर आमचं, आमच्या माणसांनी चिरा वाहून बांधलेलं. दारातला फणस आम्ही लावलेला, पण तोडायचा तर खोताला विचारून. ते हसतात. "वहिनी, असं कुठं असतं का?" नवरा सांगतो, जहाजावर देशोदेशीचे लोक असतात. एका फिलिपिनी खलाशानं त्याला सांगितलं की त्याच्या गावातही असंच आहे, नारळाची बाग एकाची आणि त्यात पिढ्या काढलेली माणसं दुसरी. दोघांनी म्हणे बराच वेळ एकमेकांना आपापल्या मालकांची नक्कल करून दाखवली.

कूळकायदा आला तेव्हा माझ्या आजेसासऱ्यांना भातशेत मिळालं. सातबाऱ्यावर नाव लागलं. घराखालच्या जागेवरही नाव मागता आलं असतं. त्यांनी मागितलं नाही. "शेत घेतलं ते घेतलं. आता घराखालचीही मागायची म्हणजे माणसाला तोंड दाखवायला जागा राहायची नाही," असं म्हणाले होते. सासू हे अजून अभिमानाने सांगते.

आणि विचारायची रीत. शाकारणीच्या आधी घरातल्या कोणीतरी नारळ घेऊन खोतांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जायचं. पायरीखाली उभं राहायचं. "घर शाकारू का?" ते म्हणायचे, "शाकारा." झालं. एवढंच. याला आम्ही कधी परवानगी म्हटलं नाही. मोठ्या माणसाला सांगून काम करावं, तसं ते होतं.

मग खोतांचं घर बंद झालं. म्हातारे गेले, मुलं पुण्याला. तरी सासू जायची. कुलूप लावलेल्या दारापुढे पायरीवर नारळ ठेवायची आणि दाराला विचारायची, "घर शाकारू का?" मी एकदा सोबत होते. मला हसू आलं होतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली आणि परत फिरली. खोतांची बाग राखायला गणूच. नारळ तोच घरी न्यायचा. आमच्या नारळाची चटणी त्याच्या घरी व्हायची, हे सगळ्या वाडीला माहीत होतं आणि त्यावर सगळे हसायचे.

या वर्षी मी कोणाला विचारलं नाही. मुद्दाम नव्हे. सासूच्या गुडघ्यांमुळे तिला चढण चढवत नाही, आणि मला कुलपाशी बोलायला वेळ नव्हता.

दुपारी गणू निरोप घेऊन आला. लांबूनच म्हणाला, "वयनी, बापूंनी बोलावलानी हाय. म्हातारीलाही घेऊन या."

सासू लगेच भिंत धरून उठली. नारळ काढला, सोलला, शेंडी ठेवली. "आपलंच चुकलं गो," म्हणाली. "विचारायला हवं होतं." तिला हाताला धरून चढण चढवली. ती तीनदा बसली. मी तिला परत चला म्हटलं नाही. छप्पर उघडं होतं, संध्याकाळी ढग येत होते, मला काम संपवायचं होतं. पाय धर म्हणाले असते तर धरलेही असते त्या वेळी. मी काही वेगळ्या मातीची नाही.

ती दोन माणसं पडवीत खुर्च्यांवर बसली होती. बापू पायरीवर. आम्ही खळ्यात. सासूनं नारळ पायरीवर ठेवला.

"बापू, माफी करा. सून कामाच्या घाईत इसरली. घर शाकारू का?"

सत्तरी ओलांडलेली बाई. बापूंच्या आईच्या बाळंतपणात हिनंच शेक दिलेला, बापूंना हिनंच न्हाऊ घातलेलं. ते म्हणाले, "तू बस गं. तुझ्यावर राग नाही माझा."

तू. तिला ते नेहमीच तू म्हणतात. ती त्यांना तुम्ही म्हणते. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या कानाला टोचलं.

मग त्यांनी कागद पुढे केला. छापलेला, खाली सह्यांची जागा सोडलेली. "काही नाही, एक सही कर आणि उद्याच शाकार. माझा माणूस लावून देतो. कौलंही देतो नवी."

मी बारावी झालेय. वाचला. सदर घर मालकांच्या परवानगीने राहण्यास दिले असून सदर जागेवर आमचा कसलाही हक्क नाही. मालक सांगतील तेव्हा जागा विनातक्रार रिकामी करून देऊ.

"बापू, हे आम्हाला उठवायचं आहे."

"अगं, उठवतंय कोण? नुसता व्यवहार स्वच्छ असावा. हे लोक बाग घेतायत. त्यांना कळायला नको का, मध्ये कोण राहतं ते?"

"घर आमचं आहे."

तेव्हा ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मग दरवर्षी विचारायला का येता? स्वतःच्या घराला कोणी विचारतं का? मी नसतानासुद्धा येत होतात. बंद दाराला विचारत होतात. गणू मला फोनवर सांगायचा. आम्ही घरात हसायचो. अख्खी वाडी साक्ष देईल. मालक आम्ही, हे तुम्हीच दरवर्षी नारळ ठेवून सांगितलंत."

पडवीतला एकजण म्हणाला, "हे चांगलंय. हे लिहून घ्या."

मी गणूकडे पाहिलं. तो खळ्याच्या कडेला उभा होता. त्यानं गंमत म्हणून सांगितलं असणार. आम्हीही गंमत म्हणूनच त्याच्या चटणीवर हसत होतो. त्याचंही घर त्याच बागेत आहे, त्याच्याही घराखालची जमीन बापूंची. उद्या त्यालाही हाच कागद येईल. हे त्याला अजून कळलं नव्हतं. तोंडावरून दिसत होतं.

सासू माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती. तिला वाचता येतं थोडं. "सही कुठं करायची?" तिनं हळूच विचारलं.

मला तेव्हाही राग आला नाही. पण एक गोष्ट दिसली, सकाळी घर दिसलं तशी, वरून, आतपर्यंत. आम्हाला इथं विचारायला कोणी लावलं नव्हतं. कुठल्या कायद्यानं नाही, कुठल्या कोर्टानं नाही. शेवटी तर खोतही नव्हते समोर, नुसतं कुलूप होतं. आम्ही आपणहून येऊन मान खाली घालत होतो आणि त्याला चांगली वागणूक म्हणत होतो. ते त्याला पुरावा म्हणत होते.

"आई, सही करायची नाही," मी म्हटलं.

"गो, पण पाऊस..."

"करायची नाही."

बापू उभे राहिले. "विचार कर. माझ्या जागेत माझ्या परवानगीशिवाय एक कौल लागणार नाही. आणि या गावात तुमच्या छपरावर चढायला कोण येतो तेही बघतो."

मी कागद पायरीवर ठेवला, नारळाशेजारी. सासूला हाताला धरलं. उतरणीला ती एकदाही बसली नाही. घरी येऊन म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी चूल पेटवली. डोक्यावर आभाळ होतं. धूर सरळ वर गेला.

नवऱ्याचा फोन आला. गणूनं त्यालाही कळवलेलं. म्हणाला, "करून टाक सही. बापू वाईट नाहीत. नवी कौलं देतायत."

"तू कधी येतोयस?"

"गणपतीच्या आसपास. बघू."

"मग मी बघते."

तो पुढे बोलत होता. मी फोन ठेवला. सासऱ्यांच्या पाठीमागे वारसनोंद करायला गेले होते तेव्हा तलाठी म्हणाले होते की शेत ज्या कायद्यानं तुमचं झालं, त्यात कुळाच्या घराखालच्या जागेचाही विचार केलाय, अर्ज करून बघा. मी हो म्हटलं होतं. शाळेत भात टाकायची वेळ झाली होती. निघून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणू आला नाही. दुसऱ्या दोघांना विचारलं. एकाच्या पाठीत उसण भरली होती, एकाला लग्नाला जायचं होतं.

आमच्याकडे बाई छपरावर चढत नाही. शिडीवर अर्ध्यापर्यंत चालतं, आढ्याला पाय लागू देत नाहीत. मी कासोटा घातला आणि चढले. सासू खालून ओरडली, "अगो उतर, बायमाणसानं आढं ओलांडू नये!"

"मग वर कोण चढणार? खालून कौलं द्या."

ती उभी राहिली. मग वाकून तिनं पहिलं कौल उचललं. शिडी चढणं तिला शक्य नव्हतं. ओटीच्या कठड्यावर टेकून, हात ताणून ती एकेक द्यायची, मी पोटावर ओणवी होऊन घ्यायची. वासा एका जागी करकरला. दोन रिपा बदलायच्या राहिल्या, जुन्यावरच कौलं रचली. माझी रचाई गणूसारखी सरळ नाही. खालून बघितलं तर ओळ वाकडी दिसते.

मध्येच गणू पाखाडीवर येऊन उभा राहिला. माझ्या बरोबरीला. "वयनी, बापू विचारतायत, कोणाला विचारून चढलात?"

"सांग, काम चाललंय."

"एवढंच सांगू?"

"एवढंच. आणि तुझ्या घराखालची जागा कोणाच्या नावावर आहे ते बघून ये."

तो वळला. गेला.

शेवटचं कौल लागलं तेव्हा खाली स्वयंपाकघरात भर दुपारी काळोख झाला. मी उतरले, अंग धुतलं, घरपट्टीच्या पावत्या पिशवीत टाकल्या आणि तालुक्याची एसटी धरली. तहसील कार्यालयात अर्ज लिहिला. अर्जदार म्हणून सासूचं नाव घातलं आणि खाली माझं. कारकुनानं वाचला, खोतांचं आडनाव बघून वर पाहिलं.

"मावशी, समोरची माणसं मोठी आहेत. वर्षं जातील यात. त्यापेक्षा बसून मिटवा. जाऊन विचारा त्यांना."

"विचारून झालं," मी म्हटलं. "पोच द्या."