मोजलेली हवा

गोष्टी मुद्दाम गोळा कराव्या लागत नाहीत. पुढच्या खोलीत पोराचं ऑफिस असलं आणि चहा आपल्या हातचा असला की त्या आपोआप साचतात, माळ्यावर रिकामे डबे साचतात तशा! नात म्हणाली, "आजी, तू सांग, मी लिहिते." म्हटलं, घे मग.

माझा पोरगा प्रमोद हवा मोजतो. हसू नका! दवाखान्यात, हॉटेलात छताच्या जाळीतून एसीची हवा येते ना, ती बरोबर येते का हे मोजून तो कागदावर सही देतो. ती सही भिंतीवर लागल्याशिवाय डॉक्टर लोक ऑपरेशनची खोली उघडत नाहीत. फुलचूरला पोराकडे राहायला आली तेव्हा हे पहिल्यांदा ऐकलं आणि तोंडाला पदरच लावला. हवेचाही कागद! अरे बाप्पा!

*

मोजायची एक फिरकी आहे, तळहाताएवढी. दर वर्षी ती नागपूरला जाते.

"काऊन रे, बिघडली का?"

"नाही माय. थे बरोबर मोजते का नाही, हे तपासाले."

फिरकी पास होऊन आली की नागपूरचे ऑडिटरसाहेब प्रमोदलाच तपासायला येतात. त्यांनी नापास केलं की प्रमोदची सही कोणी घेत नाही. दुकान बंद!

"आन् साहेबाले कोन तपासते?"

"त्यायलेबी तपासनारा हाय, माय."

मी हातच जोडले. पोरगी देताना आम्ही एवढी चौकशी केली नव्हती!

*

एका वर्षी साहेब दसऱ्यानंतर लगेच आले. आता दसऱ्याला औजारांची पूजा होणारच! प्रमोदच्या हाताखालचा गणपत मोठा भाविक. त्यानं फिरकीला हळद लावली, कुंकू लावलं, वरून अक्षता. साहेब म्हणाले, "चालवून दाखवा." फिरकी हलेना. पाती चिकटलेली! प्रमोदनं घाबरून जोरात फुंकर मारली आणि साहेबांचा पांढरा सदरा लालेलाल!

"हे काय आहे?" साहेब ओरडले.

गणपत म्हणतो, "परसाद हाय, साहेब!"

*

मग साहेबांनी गणपतचीच परीक्षा घेतली. "एका जाळीवर मशीन किती ठिकाणी धरता?"

"चारी कोपरे, मधात, आन् कडेकडेनं. हवा सगळीकडं सारखी नसते ना!"

साहेब खूश. "उत्तम! ट्रेनिंग कोणी दिलं?"

गणपतनं सरळ माझ्याकडे बोट केलं! खरं होतं ते. खळ्यावर धान उफणताना वारा कुठं धरतो, कुठं सोडतो, हे मीच त्याला सुपाशी उभं करून शिकवलं होतं.

साहेब पेन उघडून बसले. "आजी, तुमचं सर्टिफिकेट?"

मी अंगठा दाखवला.

*

पुढल्या वर्षी मात्र माझ्याच तोंडानं घात केला. लोडशेडिंगचे दिवस होते. साहेब एका हॉटेलचा कागद मोठ्यानं वाचत होते. मंगळवार, दुपारी दोन, इतकी हवा, तितकी हवा. मी चहा ठेवता ठेवता बोलून गेली, "त्या मंगळवारी तं अकरापासून पाचवरी लाईनच नव्हती! माह्या मिक्सरात डाळ अर्धी वाटून पडली होती."

साहेबांनी चष्मा काढला. "हॉटेलात जनरेटर आहे?"

प्रमोदनं नाही म्हणून मान हलवली. साहेब माझ्याकडे वळले. "मग हे गणपतराव दोन वाजता कुठं होते?"

"आमच्याच ओट्यावर. गरमीनं बेजार. याच कागदानं वारा घेऊन राहिला होता!"

प्रमोद गणपतवर बरसला आणि साहेबांना म्हणाला, "मले काही माहीत नव्हतं, साहेब!" साहेबांनी महिन्याची मुदत दिली. प्रमोदनं हॉटेलची जाळी न् जाळी पुन्हा मोजली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, मोजल्याशिवाय सही नाही, आधी केली नाही, पुढं करणार नाही. तेव्हा कुठं दुकान वाचलं.

*

त्याच वर्षी थंडीत माझ्या डोळ्याला मोतीबिंदू निघाला. दवाखाना सुनेनं ठरवला, नेलंही तिनंच. डोळ्यात थेंब टाकले, डोक्यावर हिरवी टोपी चढवली, ऑपरेशनच्या दाराशी खुर्चीवर बसवलं. तेवढ्यात प्रमोद कामावरून धावत आला; सुनेनं त्याला फोनवर नुसती गल्ली सांगितली होती. दाराच्या वरची दवाखान्याच्या नावाची पाटी वाचली आणि जागीच उभा राहिला.

"माय, ऊठ. दुसरीकडं जाऊ."

"कायले?"

त्याच्या कपाळावर घाम, भर थंडीत! आतून डॉक्टर आले, तर त्यांच्यापुढं हात जोडतो, "साहेब, अर्धा घंटा थांबा. फिरकी गाडीतच हाय. मले एकदा हवा मोजू द्या."

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांनी भिंतीवरच्या काचेतल्या कागदाकडे पाहिलं, मग परत त्याच्याकडे.

माझी सून बिचारी भोळी. हसून म्हणाली, "असं काय करता जी? तुमचीच सही दिसली, म्हनून तं मायले इथं आनलं!"