दाजींचा पुढचा अ‍ॅक्सल

सरकारने पैसा नावाची वस्तू उगाच काढली, असं ठाम मत असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. ते आमचे दाजी. वस्तूला वस्तू आणि कामाला वस्तू, एवढाच व्यवहार त्यांना कळायचा. गावचा न्हावी त्यांची दाढी करून दुधी भोपळा घेऊन जायचा, आणि भोपळा मोठा असला तर दाजी त्याला मिशाही कोरायला लावायचे. एकदा जालन्याला माझ्याकडे मुक्कामाला आले आणि जाताना माझी नवी छत्री घेऊन गेले. बदल्यात कोपऱ्यात पायलीभर तूर ठेवली होती. मी तक्रार केली तेव्हा म्हणाले, "मास्तर, छत्री शिजवून खाता येती का?" पुढच्या पावसाळ्यात तीच छत्री आमच्या शाळेच्या शिपायाच्या डोक्यावर दिसली. तिच्या बदल्यात त्याने दाजींना काय दिलं ते मी विचारलं नाही; त्यानंतर शाळेची जुनी घंटा सापडेना, एवढं खरं.

बांगलादेशाची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दाजींनी मिलिटरीच्या लिलावात एक जुना ट्रक घेतला. लिलाववाल्या साहेबाने बैलजोडी घ्यायला नकार दिला म्हणून नाइलाजाने रोख दिले, आणि त्या अपमानाबद्दल ते वर्षभर बोलत होते. चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेला, चिखल-नाला न ओळखणारा हा ट्रक मात्र बैलांनी ओढत आणला. कारण त्याचा पुढचा अ‍ॅक्सल मधोमध तुटलेला होता. मागून दुसऱ्या गाडीत सुट्या भागांचा ढीग. अक्काची तीन जुनी लुगडी फाडून दाजींनी एकेक भाग तेलाने पुसला आणि गुंडाळून ठेवला. अक्का म्हणाली, "मला बाळंतपणात एवढं तेल लावलं न्हाई कुणी."

ट्रकची हौस उगाच नव्हती. गाव वडीगोद्रीच्या सडकेपासून दोन कोस आत, आणि जमीन काळीभोर. पावसाळ्यात त्या वाटेवर पाय टाकला की पाय वर यायचा, चप्पल तिथेच राहायची. अक्काच्या बाळंतपणाच्या वेळी चौघांनी तिची बाज खांद्यावर घेतली होती, आणि सडक यायच्या आधीच, एका बाभळीखाली, भर पावसात कमल जन्मली. अक्का त्यातून कशीबशी वाचली. त्या चौघांत पुढे दाजी होते. ही गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नाही, अक्काने सांगितली. आता कमल हसनाबादला दिलेली, पहिलटकरीण, दिवस श्रावणात भरत होते. तिची सासू म्हणाली, "चिखलाच्या गावाला मी पोटुशी सून धाडायची न्हाई." तेव्हा दाजींनी चारचौघांत शब्द दिला, "गाडी दारात उभी ऱ्हाईल. बिलकुल काळजी करू नका."

असा अ‍ॅक्सल जोडू शकणारा माणूस एकच, वडीगोद्रीच्या सडकेवरचा मिस्त्री. तोही काही कमी नव्हता. भंगारातून तो स्वतःची एक गाडी उभी करत होता आणि त्याला नेमके दाजींकडचेच भाग हवे होते. सौदा ठरला: एका कामाला एक भाग. पहिला गेला तो रबरी फुग्याचा भोंगा, आणि मिस्त्रीने तो आपल्या सायकलीला लावला. मग दर सोमवारी दारात मिलिटरीचा भोंगा वाजायचा, गोठ्यातली म्हैस दचकायची, आणि दाजी हात पुसत बाहेर येऊन विचारायचे, "आता काय न्यायचं राह्यलं, मिस्त्री?" बेअरिंग बसवलं, रेडिएटर गेला. तुटका दांडा सांधला, डायनमो गेला. आतल्या चकरीचे दात जुळवले, तेव्हा गिअरबॉक्स गेला. सुटे भाग संपल्यावर दाजींनी खुद्द ट्रकलाच हात घातला. मी हरकत घेतली तर म्हणाले, "हे बी सुटेच की मास्तर, फकस्त बोल्टांनी बांधलेले हायेत." अक्का म्हणायची, "अहो, चाक फिरंल, पण ओढणार कोण त्याला?" त्यावर दाजींचं उत्तर ठरलेलं, "अ‍ॅक्सल म्हंजे गाडीचं कंबरडं. कंबर बराबर बसली की मंग बाकीचं जुळतंय."

आषाढात एका शनिवारी मी गेलो. कमल माहेरी आली होती, बापाच्या शब्दावर. दाजींनी मला हाताला धरून गोठ्यात नेलं. अ‍ॅक्सल लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता. त्यांनी एका बोटाने चाक ढकललं. ते कितीतरी वेळ फिरत राहिलं, आवाज म्हणून नाही. "बघा!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मलाही आनंद झाला. मग मी अंगणात नजर टाकली. ट्रकचा सांगाडा, एक बैठक आणि एक स्टेअरिंग.

"दाजी, इंजिन?"

"मिस्त्रीकडं. शेवटच्या जोडकामाला दिलं."

"आणि कमलचं काय?" मी चिडून विचारलं. बाहेर पाऊस धरला होता. दाजी चाकाकडे बघत राहिले आणि चाक थांबल्यावरही तिथेच बसून होते.

सकाळी त्यांनी चार बैल जुंपले, अ‍ॅक्सल गाडीत घातला आणि मला म्हणाले, "चला." दिवसभर चिखल तुडवत आम्ही वडीगोद्री गाठली. मिस्त्रीची गाडी पुढून दगडांवर टेकवलेली होती. इंजिन आमचं, रेडिएटर आमचा, दिवेसुद्धा आमचे. फक्त पुढचा अ‍ॅक्सल नव्हता.

"घ्या," दाजी म्हणाले.

मिस्त्री हात लावेना. "भाऊ, ह्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडं काय बी न्हाई."

"पोरीची येळ आली की गाडी माझ्या दारात पायजे. बस."

"भाऊ, गाडी तुमचीच झाली की समदी! मी बसवून देतो, तुमीच चालवत घिऊन जा."

दाजी माझ्या कानाशी आले. "मास्तर, मला कुठं चालवता येती?"

मला हसू आवरेना, आणि हसता हसता भरूनही आलं. एवढ्या हौसेचा ट्रक या माणसाने बोल्टाबोल्टाने देऊन टाकला होता, आणि शेवटी त्याचं कंबरडंही.

पुढचं मला अक्काने सांगितलं. श्रावणात भर दुपारी कमलला कळा सुरू झाल्या, गडी धावत वडीगोद्रीला गेला, आणि दोन तासांनी त्या चिखलातून भोंगा वाजला. म्हैस दचकली. दाजी पुढे मिस्त्रीशेजारी बसले, अक्का कमलला धरून मागे. बाभळीजवळ येताच दाजींनी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी सडकेला लागली होती. अंबडच्या दवाखान्यात कमलला मुलगी झाली. दाजी मिस्त्रीला म्हणाले, "ऐकलं का? अ‍ॅक्सल एकदा बी वाजला न्हाई."

पुढे कितीतरी वर्षं दर सोमवारी मिस्त्री त्या गाडीतून यायचा. भोंगा वाजला की दाजी सांगाड्यातल्या बैठकीवरून उठायचे. "आता काय न्यायचं राह्यलं, मिस्त्री?" तो म्हणायचा, "चहा."

दाजी गेले त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी अक्काकडेच होतो. दारात भोंगा वाजला. आत अक्काने चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मी बाहेर गेलो. मिस्त्री गाडीतच बसून होता, हात अजून भोंग्यावर. काय म्हणायचं ते मला पाठ होतं, पण मी चढून त्याच्या शेजारी, दाजी बसले होते त्या जागेवर बसलो.